जुन्या पुण्यातील फोटोवॉक: निवडीपासून फोटोंच्या ओळींपर्यंत

पुण्याच्या जुन्या पेठांमधून मार्गदर्शकासोबत फोटो काढत फिरणारे गट सुटीच्या दिवशी सकाळी हमखास दिसतात. सहभागी होणाऱ्यांचे कॅमेरे चांगले असतात आणि उत्साहही भरपूर असतो, तरीही अनेकांच्या हाती शेवटी लागतात ते शनिवारवाड्याच्या दरवाज्याचे काळवंडलेले फोटो, तांब्याची भांडी घडवणाऱ्या कारागिरांच्या तांबट आळीतले हललेले फोटो आणि पुढे उभ्या असलेल्या सहकाऱ्यांच्या पाठी. याचे कारण कॅमेऱ्यात क्वचितच असते. प्रकाश कोणत्या वेळी कुठे असेल आणि माणसे कोणत्या वेळी कामाला लागलेली असतील, या दोन गोष्टींचा हिशेब न करता लोक निघतात आणि चूक तिथेच होते. पुढील टप्पे त्याच हिशेबाने लावले आहेत. मोबाइलने फोटो काढणाऱ्यांनाही ते तसेच लागू पडतात.

१. नाव नोंदवण्याआधी विचारायचे प्रश्न

पहिला प्रश्न गटात किती माणसे असतील हा. पेठांमधल्या बोळांत दोन माणसे शेजारी-शेजारी चालली तरी तिसऱ्याला वाट उरत नाही, त्यामुळे दहा-बारा जणांहून मोठा गट असेल आणि मार्गदर्शक एकच असेल, तर ती सकाळ वाट पाहण्यातच जाईल असे समजावे. दुसरा प्रश्न मार्गदर्शक कशाचा जाणकार आहे हा. वास्तूंचा इतिहास सांगणारा मार्गदर्शक आणि फोटो काढायला शिकवणारा मार्गदर्शक या दोन वेगळ्या व्यक्ती असू शकतात. इतिहास सांगणाऱ्यासोबत जाण्यात काहीच गैर नाही, फक्त त्याचे थांबे गोष्टीच्या सोयीने ठरतात, प्रकाशाच्या सोयीने नाही, हे आधीच ठाऊक असावे.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि तो फारच कमी लोक विचारतात: ज्या कारागिरांकडे आणि ज्या वाड्यांत आपण जाणार आहोत, तिथल्या लोकांशी आधी बोलणे झाले आहे का? पेठांमधले बहुतेक वाडे ही आजही राहती घरे आहेत. दिंडी दरवाजा उघडा दिसला म्हणून चौकात शिरणे म्हणजे परक्याच्या घरात शिरणेच होय. या प्रश्नावर "बघू तिथे गेल्यावर" असे उत्तर मिळाले, तर दुसरा गट शोधावा.

शुल्कात तिकिटे धरली आहेत का, पाऊस आला तर काय आणि शेवटी फोटो एकत्र बसून पाहणार का, हेही विचारून घ्यावे.

२. प्रकाशाचा हिशेब आणि मार्गाचा क्रम

बहुतेकांना सुरुवात शनिवारवाड्यापासून करावीशी वाटते. माझा सल्ला याच्या उलट आहे: सूर्योदयाच्या सुमारास महात्मा फुले मंडईपासून निघावे, तुळशीबाग आणि विश्रामबागवाडा करून उत्तरेकडे शनिवारवाड्याला यावे आणि शेवट कसबा पेठेत, तांबट आळीत करावा. अंतर फार नाही, परंतु थांबत-थांबत जाताना तीन तास सहज लागतात.

या क्रमाची कारणे अशी. मंडईत दिवस लवकर सुरू होतो आणि माल लावण्याची लगबग सकाळीच पाहायला मिळते. तुळशीबागेतली दुकाने उघडण्याआधी तिथल्या वाटा मोकळ्या असतात. एकदा दुकाने उघडली की इमारतीचा खालचा अर्धा भाग टांगलेल्या मालाआड जातो. विश्रामबागवाड्यासमोरच्या बाजीराव रस्त्यावरची वाहतूकही सकाळी विरळ असते. याउलट तांबट आळीत हातोड्यांचा आवाज जरा उशिरा घुमू लागतो, त्यामुळे तिथे पहाटे जाऊन बंद दारेच दिसतात.

शनिवारवाड्याचे काय, असा प्रश्न येईल. त्याचा दिल्ली दरवाजा उत्तरेकडे तोंड करून आहे. पुणे सुमारे १८.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडून फिरतो आणि दरवाज्याच्या दर्शनी बाजूवर थेट ऊन पडतच नाही. मार्चअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत सूर्य उगवताना आणि मावळताना उत्तरेकडे कललेला असतो, तेव्हा सकाळी लवकर आणि संध्याकाळी उशिरा त्या भिंतीवर तिरपे ऊन येते. साधारण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत तर दुपारचा सूर्यही किंचित उत्तरेला असतो, पण तोवर बहुधा ढग आलेले असतात. म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी या फोटोवॉकच्या खऱ्या हंगामात सहा वाजता तिथे धावत जाऊन सोनेरी प्रकाश मिळत नाही. मिळते ती सावलीच, आणि ती आठ वाजताही तशीच असते.

सूर्योदयाची वेळही ऋतूप्रमाणे पाहावी. पुण्यात जानेवारीच्या मध्यावर सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, मेअखेरीस सहाच्या सुमारास. इमारतींच्या दाटीमुळे बोळांत ऊन उतरायला त्यानंतरही बराच वेळ जातो.

*तपासून पाहा:* मोबाइलमधील होकायंत्र उघडा आणि नकाशावर प्रत्येक थांब्याच्या दर्शनी बाजूची दिशा लिहून ठेवा. पूर्वेकडे तोंड असलेली इमारत सकाळी, पश्चिमेकडे तोंड असलेली संध्याकाळी, आणि उत्तरेकडे तोंड असलेली हिवाळ्यात केवळ सावलीत, एवढा नियम पुरेसा आहे.

३. पिशवी आणि आदल्या रात्रीची तयारी

एक कॅमेरा आणि एक लेन्स पुरे. ३५ मिलिमीटरच्या आसपासची लेन्स बोळांना आणि माणसांना दोन्हींना चालते. २४ मिलिमीटरची लेन्स चौकांत उपयोगी पडते, पण माणसाच्या फार जवळ जाऊन वापरली तर चेहरा ओढल्यासारखा दिसतो. लांब पल्ल्याची लेन्स घरीच ठेवावी. ती दुरून, माणसाच्या नकळत फोटो काढायला मोह पाडते आणि पेठांमध्ये हीच गोष्ट लोकांना सर्वाधिक खटकते.

तिवई (ट्रायपॉड) आणू नये. शनिवारवाडा हे केंद्रीय पुरातत्त्व खात्याचे संरक्षित स्मारक आहे आणि तिथे तिवई वापरायला पूर्वपरवानगी लागते. बोळांत तर तिवई म्हणजे वाटेतला अडथळा. ड्रोनचा विचारही करू नये.

आदल्या रात्री बॅटरी पूर्ण चार्ज करावी आणि जुने फोटो संगणकावर उतरवून झाल्याची खात्री करून मगच कार्ड रिकामे करावे. फोटो रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली सगळी माहिती जशीच्या तशी ठेवून, साठवण्याची सोय सुरू करावी, कारण मंडईतला मिश्र प्रकाश आणि तांब्याची चमक नंतर सावरायला तिचाच आधार होतो. कॅमेऱ्याची तारीख आणि वेळही बरोबर लावून घ्यावी, म्हणजे कोणता फोटो कोणत्या थांब्यावरचा हे नंतर कळते. लेन्स पुसण्याचे कापड, पाणी, पावसाळ्यात एक प्लास्टिकची पिशवी आणि सहज काढता येतील अशी पादत्राणे, एवढे सामान पुरेसे आहे.

*सावधान:* पावसाळ्यात वातानुकूलित गाडीतून उतरून लगेच कॅमेरा बाहेर काढला तर लेन्सवर वाफ धरते. ती पुसत बसू नका. कॅमेरा बंद पिशवीतच ठेवा आणि त्याला बाहेरच्या हवेच्या तापमानाला येऊ द्या.

४. पोहोचणे आणि कॅमेऱ्याविना पहिली पंधरा मिनिटे

स्वतःचे वाहन शक्यतो नेऊ नये. पेठांमधील अनेक रस्त्यांवर सम-विषम तारखेनुसार गाडी लावायची बाजू बदलते. पाटी न वाचता लावलेली गाडी उचलली गेली, की फोटोवॉक अर्ध्यावर सोडावा लागतो. भुयारी मेट्रोची मंडई आणि कसबा पेठ ही दोन्ही स्थानके या मार्गाच्या दोन टोकांना आहेत, त्यामुळे एका स्थानकावर उतरून दुसऱ्यावरून परत जाता येते. अगदी पहाटे निघायचे असल्यास पहिल्या गाडीची वेळ आदल्या दिवशी पाहून ठेवावी.

ठरलेल्या वेळेच्या पंधरा मिनिटे आधी पोहोचावे आणि तेवढा वेळ कॅमेरा पिशवीतच ठेवावा. प्रकाश कुठून येतो आहे, माणसे कोणत्या वाटेने येत-जात आहेत, पाटी उतरवायला हमाल कुठे थांबतो, हे नुसते पाहावे. ज्यांनी पोहोचताक्षणी बटण दाबायला सुरुवात केली, त्यांचे पहिले पन्नास फोटो जवळजवळ नेहमी पुसले जातात.

५. मंडई

बाहेरून दगडी इमारत आणि तिचा मधला अष्टकोनी मनोरा टिपताना सर्वांचा एकच घोटाळा होतो: जवळ उभे राहून कॅमेरा वर वळवला जातो आणि मनोरा मागे कलंडल्यासारखा दिसतो. शक्य तितके मागे जावे, कॅमेरा सरळ धरावा आणि खालचा रिकामा भाग नंतर कापावा.

आत गेल्यावर दोन अडचणी येतात. पहिली रंगांची. वरून येणारा दिवसाचा निळसर प्रकाश आणि गाळ्यांवर टांगलेल्या दिव्यांचा पिवळा किंवा पांढरा प्रकाश एकत्र मिसळतो. व्हाइट बॅलन्स (कोणत्या उजेडाला पांढरे धरायचे ही सेटिंग) आपोआप ठरू दिला तर प्रत्येक फोटोत कोथिंबिरीचा रंग वेगळा येतो, म्हणून तो एका ठिकाणी स्थिर करावा. दुसरी अडचण फोटोवर उमटणाऱ्या आडव्या काळ्या पट्ट्यांची. आपल्याकडील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा आहे, त्यामुळे ट्यूब आणि अनेक एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-प्रखर होत असतात. शटरचा वेग १/१०० किंवा १/५० सेकंद ठेवला की या पट्ट्या जातात. कॅमेऱ्यात मूक, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर सुरू असेल तर ते बंद करून यांत्रिक शटर वापरावे.

गाळेधारकांशी वागताना एक गोष्ट पाळावी. भवानी होण्याआधी फोटोचा विषय काढू नये. पहिले गिऱ्हाईक येऊन गेले, पैसे गल्ल्यात पडले, की त्याच माणसाच्या बोलण्यात मोकळेपणा येतो. फोटो काढतानाही गाळ्याच्या अगदी समोर उभे राहून गिऱ्हाईक अडवू नये, बाजूला उभे राहावे. बाजूने आलेल्या प्रकाशात भाज्यांच्या राशी आणि विक्रेत्याचा चेहरा दोन्ही अधिक चांगले येतात, हा वेगळा फायदा.

*सावधान:* सगळ्या गटाने एकाच मावशींभोवती कोंडाळे करू नये. एकाच वेळी दोघांनीच पुढे जावे आणि बाकीच्यांनी दुसरीकडे पाहावे. मार्गदर्शकाने हे सांगितले नाही, तर आपण सांगावे.

६. तुळशीबाग आणि विश्रामबागवाडा

तुळशीबागेतल्या राममंदिराच्या आवारात पादत्राणे काढून जावे, गाभाऱ्यात फोटो चालतील का हे विचारावे आणि दर्शनाच्या रांगेत कॅमेरा उंचावू नये. येथे घाई करण्यासारखे काही नाही.

विश्रामबागवाड्याची लाकडी दर्शनी बाजू हा या मार्गावरचा सर्वांत मोहक विषय आणि सर्वांत धोक्याची जागाही. पूर्ण दर्शनी बाजू चौकटीत बसवण्यासाठी लोक कॅमेऱ्यात पाहत-पाहत मागे सरकतात आणि मागे बाजीराव रस्ता असतो. आधी जागा निश्चित करावी, पदपथावर उभे राहावे आणि मगच कॅमेरा डोळ्याला लावावा. पूर्ण वाडा एका फोटोत येत नसेल तर तो येऊ देऊ नये. पुढे आलेला सज्जा, एखादा सुरूदार (सुरूच्या झाडासारखा निमुळता) खांब आणि त्यावरची महिरप एवढेच घेतले तरी लाकडावरचे कोरीव काम नीट दिसते. त्यासाठी खांबावर बाजूने प्रकाश पडेपर्यंत थांबावे.

*सावधान:* येथून उत्तरेकडे जाताना बुधवार पेठेतल्या देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या वस्तीच्या आसपास कॅमेरा आणि मोबाइल दोन्ही पिशवीत ठेवावेत. फोटो कशाचा काढतो आहोत याचे स्पष्टीकरण तिथे कोणी ऐकून घेणार नाही, आणि घेऊही नये. या वस्तीला प्रेक्षणीय थांबा म्हणून मार्गात धरणाऱ्या उपक्रमात सहभागी होऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

७. शनिवारवाडा

समोरच्या पटांगणातून दिल्ली दरवाजा टिपताना कॅमेऱ्याचे तोंड दक्षिणेकडे असते. हिवाळ्यात भिंत सावलीत, तिच्या मागचे आकाश उजळ, आणि दिवस चढेल तसा सूर्यही समोर येत जातो. कॅमेरा आकाशाला जपतो आणि दरवाजा काळा पडतो. उपाय साधा आहे: चौकटीत आकाश कमीत कमी घ्यावे आणि प्रकाशाचे मोजमाप भिंतीवरून करावे. मोबाइलवर बोटाने दरवाज्यावर टेकून उजेड थोडा वाढवावा.

आकाश वगळले की लक्ष जवळच्या गोष्टींकडे जाते आणि या जागेचे चांगले फोटो तिथेच आहेत. खाली दगड आणि वर वीट असलेल्या भिंतीचा बदलता पोत, दारावरचे लोखंडी अणकुचीदार खिळे, आणि त्या प्रचंड दारातल्या छोट्या दिंडीतून वाकून बाहेर पडणारा माणूस. हा माणूस आला नाही तर दाराची उंची फोटोत कळतच नाही, म्हणून चौकट ठरवून त्याची वाट पाहावी. एप्रिल-मेमध्ये सकाळचे तिरपे ऊन मिळाले तर प्रत्येक खिळ्याची सावली दारावर लांब पडते. वर्षाच्या इतर काळात तिचा नाद सोडावा.

आत जाण्यासाठी तिकीट लागते. उघडण्याची वेळ आधी पाहून घ्यावी. आतला वाडा १८२८ च्या आगीत जळाल्यामुळे तेथे प्रामुख्याने जोती आणि कारंज्यांची जागा उरली आहे. उभ्याने काढलेल्या फोटोत ही सगळी सपाट मैदानासारखी दिसतात. नगारखान्यावरून खाली पाहून काढलेल्या फोटोत मात्र त्यांची आखणी उलगडते.

८. कसबा पेठ आणि तांबट आळी

कसबा गणपतीपाशी फार वेळ न घालवता, भाविकांना वाट मोकळी ठेवून पुढे निघावे, कारण तांबट आळीला द्यावा तेवढा वेळ कमीच पडतो.

दारात उभे राहून आधी विचारावे: "काका, काम चालू असताना एक-दोन फोटो काढले तर चालतील का?" "नको" असे उत्तर आले तर आभार मानून पुढे जावे, कारण विचारू नये. "काढा" म्हटले तरी लगेच कॅमेरा उचलू नये. दोन मिनिटे हात पाहावेत. भांड्याला आकार दिल्यानंतर त्याच्या अंगावर एकसारखे घाव घालत जाण्याच्या कामाला मठारकाम म्हणतात. कारागीर एक घाव घालतो, भांडे कणभर फिरवतो आणि पुढचा घाव आधीच्याला लागून बसवतो. घाव, फिरवणे, घाव, अशी ती लय एकदा कानात बसली की हातोडा वर जाऊन क्षणभर थांबतो ती जागा ओळखता येते. बटण तिथे दाबावे.

हातोडा स्पष्ट हवा असेल तर शटर १/२५० सेकंद किंवा त्याहून जलद लागते, आणि कामाच्या अंधाऱ्या जागेत त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) ३२०० पर्यंत न्यावा लागेल. फोटोत थोडे दाणे आले तरी ते बिघडलेल्या फोटोपेक्षा बरे. दिव्यांच्या पट्ट्या उमटू लागल्या तर दारातून येणाऱ्या उजेडाच्या बाजूला सरकावे. हातोड्याची हालचाल दाखवायची असेल तर १/३० सेकंद ठेवावे, पाठ भिंतीला आणि कोपरे बरगड्यांना टेकवावीत, आणि फोकस भांड्याच्या काठावर, जिथे घाव पडतो तिथे, धरावा. चेहऱ्यावर फोकस धरून भांडे धूसर येणे ही या ठिकाणची नेहमीची चूक आहे.

तांब्यावरचा प्रत्येक घाव इवल्या आरशासारखा उजेड परत फेकतो आणि त्या चकाकीत तपशील जळून जातो. म्हणून उजेडाची भरपाई (एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन) उणे १ च्या आसपास ठेवावी. फ्लॅश अजिबात वापरू नये. त्याने मठारकामाचा सगळा पोत सपाट होतोच, शिवाय घाव घालतानाच कारागिराचे डोळे दिपले तर हातोडा बोटावर बसेल.

*तपासून पाहा:* निघण्यापूर्वी काढलेला फोटो मोठा करून पाहा: भांड्याचा काठ स्पष्ट आहे का, चमकणाऱ्या भागात घाव वेगवेगळे दिसतात का? नसतील तर आताच विचारून पुन्हा काढा. मग तो फोटो कारागिरालाही दाखवा. "फोटो पाठवतो" असे म्हणायचे असेल तर नाव आणि नंबर तिथेच लिहून घ्या. लिहून घेणार नसाल तर तसे म्हणू नका.

९. घरी आल्यावर

त्याच दिवशी सगळे फोटो दोन ठिकाणी उतरवावेत, पण निवड दुसऱ्या दिवशी करावी. चालून आलेल्या माणसाला सगळेच फोटो चांगले वाटतात. प्रत्येक थांब्याचे दोनच ठेवायचे असा कडक नियम केला की बरोबरीने काढलेले सारखे फोटो आपोआप गळतात. इमारतींच्या उभ्या रेषा सरळ कराव्यात. रंग भडक करण्याचा मोह टाळावा, कारण तांबे नारिंगी झाले की ते प्लास्टिकचे दिसते.

फोटो सर्वांसाठी टाकताना खालची ओळ जपून लिहावी. सध्याचा लाल महाल ही महापालिकेने अलीकडच्या काळात उभारलेली इमारत आहे, तिला शिवकालीन म्हणू नये. विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाचा, पहिल्याचा नव्हे. राहत्या वाड्याचा घरक्रमांक आणि नेमके ठिकाण देऊ नये, लहान मुलांचे चेहरे पालकांना विचारल्याशिवाय टाकू नयेत. ज्यांना फोटो देण्याचे कबूल केले आहे त्यांना मोबाइलवर पाठवण्यापेक्षा कागदावर छापून द्यावा, आणि शक्य असेल तर स्वतः नेऊन द्यावा. पुढच्या गटाला त्या आळीत कसे स्वागत मिळते हे यावरच ठरते.